एक मिनिट शांतता

माझं काम ऐकायचं.
कॅमेरा ड्रोनला लटकून वर गेला
तेव्हा मी खाली, वाळूच्या ढिगाशेजारी,
काठीला माइक बांधून उभा,
औशाच्या नगरपरिषदेचं वाचनालय
उगवतानाचा आवाज गोळा करत.

पहिल्या दिवशी केतकी देवणीकर म्हणाल्या,
"इमारत ही एकच कला,
जिच्यात माणूस चपला काढून बसतो,
डबा उघडतो, झोपतोसुद्धा."
वाक्य चांगलं होतं. पण मिक्सर सुरू झाला.
चौथ्यांदा म्हणाल्या तेव्हा
त्यातली झोप गळाली होती.
तेच राहिलं फिल्ममध्ये.

अन्वर काझी, आमचा दिग्दर्शक,
त्याला दाखवायचं होतं कसं बांधतात.
म्हणून मी घेतला मुख्याधिकाऱ्यांच्या शिक्क्याचा धप्प आवाज,
भुतडाशेठच्या कॅल्क्युलेटरची टिकटिक,
आणि बिल अडलं त्या सात महिन्यांचा
रिकाम्या परांचीची दोरी करकरताना.
बाकी त्या महिन्यांना आवाज नव्हता.
एक कुत्री वीत होती पायाच्या खड्ड्यात.

सभा झाली होती त्याच्याही आधी.
नकाशात काळा दगड बघून
सरूबाई कांबळे उठल्या.
माइक लांब होता, तरी स्वच्छ आलंय:
"दगूड नको, बाई.
आमच्या गावाला एकदा दगडानंच पांघरूण घातलंय."

देवणीकर बाईंनी कागद उलटा करून
मागच्या बाजूला भिंत काढली, उभी कापलेली:
आतली फळी, बाहेरची फळी,
आणि मध्ये आरपार एक लांब दगड,
दोघींचे हात धरून.
"हा बांधदगड. त्या पहाटे पडलेल्या भिंतींत
हा नव्हता."

"मग तवा कुठं होता?"

पुढे बारा सेकंद फक्त पंखा आहे.
अन्वरनं ते कापलं नाही.

तुळशीराम पाथरूट कामावर आले
ते ओळंबा टॉवेलात गुंडाळून.
भूकंपाच्या सालापासून विटाच लावल्या म्हणाले,
प्लास्टर केलं, संडास बांधले,
दगडाला हात लावला नाही.
प्रत्येक दगड उचलायच्या आधी
हातोडीच्या दांड्यानं वाजवायचे,
मान कलती करून.
ठण्ण म्हणाला तर भिंतीत.
बद्द म्हणाला तर बाजूला,
पोरांना बसायला.
मी हेडफोन चढवले त्यांच्या कानांवर.
ऐकत राहिले बराच वेळ.
मग काढून देत म्हणाले,
"ह्यात समदंच ऐकू येतंय. निवडायचं कसं?"

शेवटच्या दिवशी, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी,
हॉल रिकामा. पुस्तकं अजून खोक्यांत.
आमच्या धंद्यात प्रत्येक जागेची
एक मिनिट शांतता भरून घ्यावी लागते,
पुढे संवादांच्या फटी लिंपायला.
मी ओरडलो,
"एक मिनिट कुणी हलू नका, बोलू नका."

आणि तुळशीरामांनी टोपी काढली.
हात पुढे जोडले, मान खाली.
त्यांचं बघून शेवंता, टोपलं ठेवून.
मग भुतडाशेठ. मग वायरिंगची दोन पोरं,
ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता.

मी सांगणार होतो,
की अहो, तसलं काही नाही,
हे नुसतं तांत्रिक.
माझा अंगठा बटणावर, आकडे पळत होते.
सांगितलं नाही.

फिल्म कुठं कुठं दाखवली गेली.
त्या मिनिटातले चार सेकंद
आहेत तिच्यात, श्रेयनामावलीखाली.
उरलेले छप्पन माझ्याकडे,
फाइलचं नाव: औसा, हॉल, रिकामा.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला
टक्‌ असं वाजतं.
कुणीतरी बोटाच्या पेरानं
भिंत वाजवून बघितलीय, हळूच.

ठण्ण म्हणाली.